दंडाच्या रकमेपेक्षा सूचनांचा अभाव अधिक जाचक

वेगमर्यादेबद्दल तक्रार करणारे चालक मुळातच बेशिस्त असतात, हा एका लेखात वाचलेला निष्कर्ष मला मान्य नाही. मुंबईच्या सागरी किनारा मार्गावर सरळ रस्त्याला ताशी ८०, बोगद्यात ६० आणि वळणांवर ४० किलोमीटर अशी मर्यादा आहे; अटल सेतूवर मोटारींना १००, पण चढ-उतारावर ४०. या मर्यादांमागे अभियांत्रिकी कारणे आहेत आणि त्या पाळल्याच पाहिजेत. परंतु ८० वरून ४० वर यायचे असेल, तर त्याची सूचना चालकाला पुरेशी आधी आणि ठळकपणे दिसायला नको का?

केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली समाविष्ट झालेला नियम १६७-अ स्पष्ट सांगतो की, कॅमेऱ्याने टिपलेल्या गुन्ह्याची नोटीस १५ दिवसांत पाठवावी आणि कॅमेरा असलेल्या टप्प्यापूर्वी इशारा देणारे फलक लावावेत. प्रत्यक्षात मला काही ई-चलने इतक्या उशिरा मिळाली की, त्या दिवशी नेमके काय घडले हे आठवणेही अशक्य होते, मग हरकत कशाच्या आधारे घ्यायची?

मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर हलक्या वाहनाच्या अतिवेगासाठी १,००० ते २,००० रुपये दंड आहे. स्वतःची मोटार बाळगणाऱ्याला तो सोसतो. भाड्याने टॅक्सी चालवणाऱ्याची मात्र दिवसभराची कमाई त्यात जाते (आणि चलने साचत गेली की थकबाकी वेगळीच). वाहतूक विभागाने प्रत्येक कॅमेऱ्याचे ठिकाण आणि तेथील वेगमर्यादा जाहीर करावी, आणि मुदतीनंतर पाठवलेली चलने रद्द करावीत.