दलाल काढला म्हणे! मग चिक्कीचे पैसे कोणी कापले?

परवा आत्याने सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला आणि तोच मला वेगळा पाठवला. सोबत टोमणा: ‘मोठ्या दुकानांना नावं ठेवतोस ना, वाच जरा.’ हिरव्या टिकांनी सजलेला तो मेसेज तुम्हालाही आला असेल. म्हणणं थोडक्यात असं: सवलतीची मोठी दुकानं स्वस्त देतात, कारण ती दलाल काढून शेतकऱ्याकडून थेट घेतात. कोणाच्या पोटावर पाय येत नाही. कामगाराला उलट रोजगार मिळतो. माल इतक्या हातांतून येतो की टोकाला काय चाललंय हे दुकानाला कळणं शक्यच नाही. आणि ओरडणारे सगळे भरल्या पोटाचे, त्यांना गरिबाचा स्वस्त किराणा बघवत नाही.

फोनवर दोन वाक्यांत उडवून लावणार होतो. पण मेसेजखाली अकरा अंगठे दिसले, म्हणून बसून लिहितोय.

त्यातलं अर्धं सत्य आधीच देऊन टाकतो. कोणाला न पिळताही स्वस्त देता येतं. डी-मार्टचंच घ्या. बहुतेक दुकानं स्वतःच्या जागेत, त्यामुळे भाडं नाही. झगमगाट बेताचा, माल भराभर खपणारा. पुरवठादाराचे पैसे लवकर द्यायचे आणि त्या बदल्यात भाव कमी करून घ्यायचा. यात मला वावगं दिसत नाही. पण एकाचं कौतुक सगळ्यांच्या नावावर खपवायचं हा कुठला न्याय?

आता ‘शेतकऱ्याकडून थेट’. नाशिकात बसून हे वाक्य पुढे ढकलायला धाडस लागतं. निफाड-चांदवडकडे कोणाच्याही कांदाचाळीवर जाऊन विचारा. थेट खरेदीत उचलतात तो एकसारखा, गोल, कोरडा कांदा. गोल्टी म्हणजे बारीक कांदा, जोड आणि डागी माल शेतकऱ्याच्याच ट्रॉलीत राहतो आणि गुमान लासलगाव नाहीतर पिंपळगावच्या लिलावाला जातो. निवडून घेतलेल्या मालाचा भाव तरी कशावरून धरतात? बहुतेक वेळा त्याच लिलावावरून. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२४ च्या अभ्यासनिबंधांत ग्राहकाच्या एका रुपयातले कांदा पिकवणाऱ्याला ३६ पैसे, टोमॅटोवाल्याला ३३ आणि द्राक्षवाल्याला ३५ पैसे मिळतात असं आलंय. हा हिशेब सगळ्या बाजाराचा आहे, एकट्या मोठ्या दुकानांचा नाही, हे कबूल. पण दलाल काढल्याचा ढोल इतकी वर्षं वाजतोय, तर कांद्याचे ६४ पैसे अजून मधेच का जिरतात?

माझं डोकं खरं फिरलं ते ‘दुकानाला कळणं शक्यच नाही’ या वाक्याने.

दिंडोरीची द्राक्षं युरोपला जातात ना, त्यांच्या प्रत्येक प्लॉटची अपेडा या केंद्राच्या शेतमाल-निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट या ऑनलाइन यंत्रणेवर नोंद असते. फवारणीच्या नोंदी ठेवायच्या, तोडणीआधी नमुना प्रयोगशाळेत जायचा, मग पॅकहाऊस, मग पेटीवर कोड. तिकडच्या बंदरात पेटीत काही सापडलं तर माल कोणाच्या बांधावरचा हे इथे सांगता येतं. २०१० मध्ये वेलीची वाढ आवरणाऱ्या क्लोरमेक्वाट या औषधाचे, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत लिहोसीनचे, अंश सापडले आणि युरोपात आपली द्राक्षं अडकली. त्या हंगामाचं नाव काढलं तरी जुने बागायतदार अजून कपाळाला हात लावतात. म्हणजे किलोमागे मिलिग्रॅममध्ये मोजायचा औषधाचा अंश समुद्रापलीकडून दिसतो. त्याच पेटीतले घड कापणाऱ्या बाईला त्या दिवशी रोज किती मिळाला, मुकादमाने उचल किती वळती केली, हे मात्र कोडात नसतं. जे विचारलं ते कळलं. जे विचारलंच नाही ते ‘शक्य नाही’.

आणि काही वेळा तर विचारलेलं असतं, उत्तरही ठाऊक असतं. एप्रिल २०११ मध्ये ढाक्यात कपड्यांचे खरेदीदार, कारखानदार आणि कामगार संघटना यांची बैठक झाली. कारखान्यांतल्या आग आणि विजेपासूनच्या सुरक्षेच्या खर्चात ब्रँडांनीही वाटा उचलावा, असा प्रस्ताव होता. वॉलमार्ट या अमेरिकी दुकानसाखळीच्या प्रतिनिधीने सांगितलं की हजारो कारखान्यांत एवढ्या दुरुस्त्या करणं ब्रँडांना परवडणारं नाही. हे ऐकीव नाही, बैठकीच्या इतिवृत्तात आहे आणि ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेने ते डिसेंबर २०१२ मध्ये छापलं. तोवर २४ नोव्हेंबर २०१२ ला ढाक्याजवळचा ताझरीन फॅशन्स हा कारखाना जळाला होता. किमान ११२ कामगार गेले. जळक्या ढिगाऱ्यात वॉलमार्टच्या घरच्या ब्रँडचे, फेडेड ग्लोरीचे, कपडे सापडले. कंपनी म्हणाली, पुरवठादाराने आमच्या परवानगीशिवाय काम तिकडे दिलं होतं.

पाच महिन्यांनी ढाक्याजवळचीच राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळली, ११३४ मेले. भिंतींना तडे आदल्या दिवशीच दिसले होते. इमारतीतली बँक बंद ठेवली आणि शिवणाऱ्या बायकांना कामावर बोलावलं. त्यानंतर दोनशेहून जास्त ब्रँडांनी सुरक्षा करारावर सह्या केल्या, कारखान्यांच्या याद्या जाहीर झाल्या. जे ‘शक्यच नव्हतं’ ते काही महिन्यांत जमलं.

‘रोजगार तरी मिळतो’ यावर फार लिहीत नाही. मिळतो, आणि त्या बायकांना तो हवाही असतो. त्यांना हवी असते नोकरी. तडे गेलेली भिंत त्यांनी मागितली नव्हती.

राहिला ‘कोणाच्या पोटावर पाय येत नाही’ हा मुद्दा. त्यासाठी बांगलादेशात जायची गरज नाही, नाशिकच्याच अंबड औद्योगिक वसाहतीपर्यंत गेलं तरी पुरे. आत्याच्याच मुलाचं तिथे छोटं युनिट आहे, शेंगदाणा चिक्की आणि राजगिरा लाडवांचं. एका मोठ्या साखळीला माल जातो, नाव लिहीत नाही, त्याची ऑर्डर बुडायची. गेल्या महिन्यात वहिनीने फाईल उघडून दाखवली. १,८०,००० चं बिल, त्यातून ३१,००० कापलेले. एक डेबिट नोट, म्हणजे पैसे कापल्याची चिठ्ठी, ‘स्कीम’ची: ‘एकावर एक मोफत’ आपण हौसेने उचलतो ना, त्यातलं मोफतवालं पाकीट यांच्या खिशातलं. दुसरी ‘डॅमेज’ची, तुटलेला माल न दाखवताच. तिसरी गाडी दोन तास उशिरा पोचल्याची. उरलेले पैसे ९२ व्या दिवशी आले.

लहान उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, असा कायदा २००६ पासून आहे. तक्रारीसाठी केंद्राचं ऑनलाइन पोर्टलही आहे. मी वहिनीला म्हटलं, टाक तक्रार. ती हसली. ‘तक्रारीचा निकाल लागेल तेव्हा लागेल भाऊजी, पुढची ऑर्डर मात्र लगेच बंद होईल.’ मग ते कापलेले ३१,००० भरून कुठून काढायचे? शेंगदाणा स्वस्त होत नाही, गूळही नाही. पाकिटं भरायला चार बाया यायच्या, आता तिघी येतात आणि सातपर्यंत थांबतात. स्वस्ताईचा शेवटचा मुक्काम हा आहे, अंबडला, पत्र्याच्या शेडमध्ये.

भरल्या पोटाचा म्हणाल तर हो, आहे मी. पण पाकिटं भरणाऱ्या त्या तिघीही त्याच दुकानातून तेल नेतात, हेही वहिनीनेच सांगितलं. मेसेजवाल्याच्या ‘गरीब विरुद्ध ओरडणारे’ या वाटणीत त्यांना कुठे बसवायचं ते त्यानेच सांगावं.

हे सगळं फोनवर सांगून झाल्यावर आत्या बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘मग मी किराणा आणू तरी कुठून?’

तिथूनच आण, मीही तिथूनच आणतो. फक्त तो मेसेज ग्रुपवरून आधी काढ. तुझी सूनही त्या ग्रुपवर आहे.