‘तुमचा मंत्री तर युरोपात जाऊन बसला की!’

गेल्या शनिवारी इथे आयर्लंडमध्ये, डब्लिनजवळच्या लुकनमधील एका घरी आम्हा मराठी मंडळींचे कोजागिरीचे जेवण होते. रात्री साडेदहाच्या सुमारास, सर्वांच्या देखत दोन पाइंट स्टाउट बिअर आणि त्यावर व्हिस्कीचा एक पेला घेतलेले एक सद्गृहस्थ गाडीची किल्ली बोटावर फिरवत दाराकडे निघाले. त्यांच्या मागे त्यांची पत्नी, तिच्या खांद्यावर झोपलेले लहान मूल आणि बुटाच्या नाड्या न बांधताच निघालेला मोठा मुलगा. मी दारात उभी राहिले आणि म्हटले, “भावजी, किल्ली इथेच ठेवा. मी टॅक्सी बोलावली आहे, बारा मिनिटांत येईल. गाडी उद्या सकाळी येऊन न्या.” त्यावर ते हसले आणि म्हणाले, “वहिनी, किती मनावर घेता! तुमच्या ऑफलीचा मंत्री पिऊन गाडी चालवताना सापडला होता. काय झालं त्याचं? तुमचा मंत्री तर युरोपात जाऊन बसला की!” खोलीत दहाएक माणसे होती आणि ती सगळी हसली. यजमानांनी “जाऊ द्या, ते हळू चालवतील” असे म्हणून विषय मिटवला, माझ्या नवऱ्याने माझा हात धरून मला बाजूला घेतले आणि त्या दोन मुलांना घेऊन ती गाडी निघून गेली.

त्या गोष्टीला चार दिवस झाले, पण ते हसणे अजून माझ्या कानांतून जात नाही. “हळू चालवतील” या दोन शब्दांची तर मला शिसारी आली आहे. प्यालेल्या माणसाला रस्त्यावर आलेले माणूस दिसायलाच उशीर होतो, आणि तो उशीर गाडी हळू चालवून भरून निघत नाही. हे समजायला शास्त्रज्ञ व्हावे लागत नाही. त्या खोलीतील निम्मी माणसे अभियंते आहेत, त्यांना हे ठाऊक नाही असे मी मानणार नाही. त्यांना ठाऊक होते, तरीही जेवणाचा रंग बिघडू नये म्हणून ते गप्प राहिले. ज्याने बोलायचे त्या यजमानांना पाहुण्याचा मान दुखावण्याची भीती वाटली, पण मागच्या आसनावर पट्टे लावून बसवलेल्या मुलांची भीती वाटली नाही.

पण मला सर्वांत जास्त लागला तो त्यांनी दिलेला दाखला, कारण तो दाखला माझ्या घरचा आहे. मी टलामोरमध्ये राहते, आणि ज्यांचा दाखला दिला गेला ते, पुढे युरोपीय संसदेवर गेलेले माजी मंत्री बॅरी कोवेन हे आमच्याच ऑफली काउंटीतील क्लाराचे. त्यांचे थोरले बंधू ब्रायन कोवेन देशाचे पंतप्रधान होते. २७ जून २०२० रोजी मिहॉल मार्टिन यांचे सरकार आले, आमच्या मालवणजवळच्या वराडचे मूळ सांगणारे लिओ वराडकर उपपंतप्रधान झाले (त्याचा अभिमान सांगायला हीच मंडळी कशी पुढे असतात!) आणि बॅरी कोवेन कृषिमंत्री झाले. आठवडाही झाला नव्हता, तोच ३ जुलैला वृत्तपत्रात बातमी आली की, सप्टेंबर २०१६ मध्ये डब्लिनला अखिल आयर्लंड फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना पाहून घरी परतताना कोवेन यांना गार्डांनी, म्हणजे इथल्या पोलिसांनी, अडवले होते, तपासणीत त्यांनी मद्य घेतल्याचे आढळले होते, आणि त्यांना दोनशे युरो दंड व तीन महिने वाहनबंदी झाली होती. पुढे आणखी एक गोष्ट कळली. तेव्हा एकोणपन्नास वर्षांचा हा लोकप्रतिनिधी शिकाऊ परवान्यावर गाडी चालवत होता.

शिकाऊ परवान्यावर! ही बातमी मी ज्या दिवशी वाचली त्या दिवशी मीसुद्धा शिकाऊच होते. पुण्यात बारा वर्षे चारचाकी चालवून मी इथे आले होते, पण तो परवाना इथे बदलून मिळत नव्हता, त्यामुळे मी पुन्हा पहिल्या पायरीवर उभी राहिले. लेखी परीक्षा दिली, सक्तीच्या शिकवण्या घेतल्या, गाडीला पुढे-मागे लाल ‘एल’ लावला आणि विम्याचे पैसे भरताना डोळे पांढरे झाले. दोन वर्षे जुना पूर्ण परवाना असलेली व्यक्ती शेजारी बसल्याशिवाय मी गाडीला हात लावत नव्हते, कारण २०१८च्या डिसेंबरपासून एकट्या शिकाऊ चालकाची गाडी गार्डा जागेवर जप्त करू शकतात, आणि तो नियम का आला हे मला ठाऊक होते. २०१५च्या डिसेंबरात कॉर्क काउंटीत एकट्याने गाडी चालवणाऱ्या शिकाऊ चालकाने एका आईचा आणि तिच्या मुलीचा जीव घेतला होता. त्या घरातील वडिलांनी धरलेल्या आग्रहामुळे कायदा बदलला. तो कायदा वाचल्यावर पावसात दुधाच्या पिशव्या घेऊन दोन किलोमीटर चालत येताना माझी तक्रार नव्हती. २०२०च्या मार्चमध्ये कोव्हिडमुळे वाहनचालक परीक्षा बंद झाल्या, माझीही रद्द झाली, तेव्हासुद्धा मी निमूट बसले. नियम सर्वांना सारखा आहे, असे मी मानत होते. त्यानंतर तीन-चार महिन्यांत ही बातमी आली.

आणि तेव्हापासून आजपर्यंत मला जे ऐकवले जात आहे ते असे की, “जुने प्रकरण होते, दंड भरला, बंदी भोगली, मग पुन्हा शिक्षा कशाला?” मी हे शेजाऱ्यांकडून ऐकले आहे, कामाच्या ठिकाणी ऐकले आहे, आणि आता आपल्याच माणसांकडूनही ऐकले. या लोकांना एक साधी गोष्ट कशी समजत नाही? शिक्षा न्यायव्यवस्थेने दिली आणि ती संपली, याबद्दल माझे काहीच म्हणणे नाही. मंत्रिपद काढून घेणे ही शिक्षा नसते, कारण मंत्रिपद हा कोणाचा हक्क नसतो. ते आमच्या विश्वासावर सोपवलेले काम असते, आणि विश्वास ठेवण्याआधी माहिती मिळण्याचा हक्क आमचा असतो. ती माहिती कोवेन यांनी आम्हाला दिली नाही आणि ज्यांनी त्यांना मंत्री केले त्या मार्टिन यांनाही शपथविधीपूर्वी दिली नाही. ती वृत्तपत्राने दिली. माझा राग २०१६च्या त्या संध्याकाळपेक्षा त्यानंतरच्या पावणेचार वर्षांच्या मौनावर जास्त आहे.

त्या मौनाच्या काळात काय घडत होते हे आज कोणी आठवत नाही, म्हणून मी आठवण करून देते. २०१७ मध्ये परिवहनमंत्री शेन रॉस यांनी विधेयक आणले होते. शंभर मिलिलिटर रक्तात पन्नास ते ऐंशी मिलिग्रॅम मद्य घेऊन पहिल्यांदाच सापडणाऱ्या, पूर्ण परवाना असलेल्या चालकाला तोपर्यंत परवान्यावर दंड आणि नुसते दंडगुण (पेनल्टी पॉइंट्स) मिळत; बंदी शिकाऊ चालकाला होती. त्याऐवजी त्यालाही सरसकट तीन महिने बंदी असावी, असे ते विधेयक होते. फियाना फॉइल पक्षाने, म्हणजे कोवेन यांच्याच पक्षाने, त्या बंदीला विरोध केला आणि बंदीऐवजी जादा दंडगुण व मोठी दंडाची रक्कम असा पर्याय पुढे केला. ग्रामीण भागातील काही अपक्ष सदस्य तर खेड्यातील म्हाताऱ्यांनी एखादा पाइंट घ्यायला जायचे तरी कसे, यावर तासन्‌तास बोलले. (त्या म्हाताऱ्यांसाठी रात्रीची एक बस मागा की! माझ्या रस्त्यावरही संध्याकाळनंतर बस नसते, मी तुमच्या बाजूने उभी राहीन.) ही सगळी चर्चा चालू असताना त्या पक्षाचा एक सदस्य स्वतः पिऊन गाडी चालवल्याबद्दल तीन महिने बंदी भोगून आलेला होता, आणि मतदारांपैकी कोणालाही त्याचा पत्ता नव्हता. आपला प्रतिनिधी एखाद्या कायद्याकडे कोणत्या जागेवर उभा राहून पाहतो आहे, हे मतदाराला कळायला नको का? रस्त्यात आप्त गमावलेली जी कुटुंबे त्या विधेयकासाठी संसदेच्या दारात येत होती, त्यांना कळायला नको का?

पुढचा आठवडा तर मनस्ताप वाढवणाराच होता. ७ जुलैला कोवेन यांनी संसदेत निवेदन करून क्षमा मागितली. सामन्याआधी दोन पेले घेतले होते, नंतर थोडे जेवण केले होते, आपली चूक झाली, असे सांगितले, पण प्रश्न घेतले नाहीत. त्यानंतरच्या रविवारी दुसऱ्या वृत्तपत्राने छापले की, गार्डांच्या नोंदीनुसार त्यांनी नाकाबंदी टाळण्यासाठी गाडी वळवली होती. हे कोवेन यांनी ठामपणे नाकारले. या बाबतीत खरे काय ते मी सांगू शकत नाही, आणि पोलिसांच्या दप्तरातील नागरिकाची नोंद बाहेर फुटणे हाही गंभीर प्रकार आहे, त्याचीही चौकशी व्हायलाच हवी, हे मी शेजाऱ्यांशी भांडतानासुद्धा मान्य केले आहे. परंतु ज्याच्यावर असा आरोप आहे त्या मंत्र्याने सभागृहात उभे राहून उत्तरे द्यायची नाहीत, तर कोणी द्यायची? विरोधकांनी मागणी केली, पंतप्रधानांनीही अपेक्षा व्यक्त केली, तरी त्यांनी पुन्हा निवेदन करण्यास नकार दिला. राजीनामाही दिला नाही. अखेरीस १४ जुलैच्या रात्री मार्टिन यांना त्यांना मंत्रिमंडळातून काढावे लागले. मंत्रिपद सतरा दिवस टिकले, आणि जाताना तक्रार अशी की आपल्याला न्याय्य प्रक्रिया मिळाली नाही.

माझ्याशी वाद घालणारे लगेच कॅनडा काढतात. तिथल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताचे प्रीमियर (म्हणजे मुख्यमंत्रीच) गॉर्डन कॅम्बेल जानेवारी २००३ मध्ये हवाईतील माउई बेटावर पिऊन गाडी चालवताना पकडले गेले, पदावर राहिले आणि त्यानंतर दोन निवडणुका जिंकले, मग कोवेन यांनीच काय घोडे मारले, असा प्रश्न असतो. कॅम्बेल यांनी पद सोडायला हवे होते, असे माझे मत आजही आहे. तरीही एक फरक मी नाकारत नाही. ते काही दिवसांतच पत्रकारांसमोर उभे राहिले, चूक आपली आहे असे म्हणाले आणि लोकांना जे ठरवायचे ते माहिती हातात ठेवून ठरवता आले. २०१० मध्ये त्यांच्याच सरकारने रस्त्यावरच्या तपासणीत तत्काळ बंदी घालणारा कडक कायदाही आणला. कोवेन यांच्या बाबतीत तशी संधी आम्हाला कोणी दिली? आणि उदाहरणेच द्यायची असतील तर स्वीडनचे का देत नाही? २०१६च्याच ऑगस्टमध्ये, कोवेन सापडले त्याच्या महिनाभर आधी, तिथल्या शिक्षण खात्यातील तरुण मंत्री आयदा हाजिआलिच कोपनहेगनमध्ये दोन पेले वाइन घेऊन काही तासांनी पूल ओलांडून माल्मोला आल्या. तपासणीत मद्याचे प्रमाण स्वीडनच्या मर्यादेला टेकले होते. पुलाच्या डेन्मार्ककडच्या बाजूला तेवढ्याने गुन्हाही झाला नसता. त्यांनी स्वतःच पत्रकारांना बोलावून ही गोष्ट सांगितली आणि पद सोडले. त्यांचे राजकारण काही संपले नाही, त्या पुढे स्टॉकहोम प्रदेशाच्या प्रमुख झाल्या. राजीनामा म्हणजे माणूस कायमचा बुडवणे असते, हे आपल्या लोकांच्या डोक्यात कोणी भरवले?

जून २०२४ मध्ये कोवेन युरोपीय संसदेवर निवडून आले. लोकांनी सर्व माहीत असताना मते दिली, तो त्यांचा अधिकार आहे, मी तो मान्य करते. पण निवडून येणे म्हणजे ती गोष्ट घडलीच नव्हती असे होत नाही, आणि लुकनमधल्या एका दारात किल्ली फिरवत उभ्या असलेल्या माणसाला त्यातून परवाना तर मुळीच मिळत नाही. “काय झालं त्याचं?” या प्रश्नाचे उत्तर मी त्या रात्री रागाच्या भरात देऊ शकले नाही, ते आता देते. त्याचे मंत्रिपद गेले, भावजी. आयुष्यभराच्या राजकारणानंतर मिळालेले मंत्रिपद सतराव्या दिवशी गेले. आणि तुमच्या मागच्या आसनावर जे बसले होते ते मंत्रिपदापेक्षा मोठे होते.

मला याहून जास्त चीड कशाची आली तेही सांगते. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला त्या भरधाव पोर्शेने दोन तरुण अभियंत्यांचे जीव घेतले, अल्पवयीन चालकाला काही तासांत जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितले गेले, रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपाखाली ससूनच्या डॉक्टरांना अटक झाली, तेव्हा आमच्या गटावर सर्वांत संतप्त संदेश याच गृहस्थांचे होते. पैसेवाल्यांना कायदा नाही, राजकारण्यांना लाज नाही, राजीनामे घ्या, असे ते रोज लिहीत होते. त्यांची पत्नी पुण्याची आहे, ती त्या रस्त्याने कामाला जात असे. आपल्या देशात मर्यादा शंभर मिलिलिटरला तीस मिलिग्रॅम आहे, इथे पन्नास आहे, हेही त्यांनीच एकदा सांगितले होते. म्हणजे त्यांना सगळे पाठ आहे. राजीनामा दुसऱ्याने द्यायचा, किल्ली मात्र आपण सोडायची नाही.

रविवारी सकाळी मी आमच्या मंडळाच्या कार्यकारिणीला पत्र लिहिले आहे. ज्या कार्यक्रमात मद्य असेल तिथे दारापाशी किल्ल्या जमा करण्याची व्यवस्था असावी, दोन न पिणारे चालक आधीच ठरवावेत, टॅक्सीचा खर्च वर्गणीतून करावा आणि ज्याला हे मान्य नसेल त्याने मसाला दूध पिऊन घरी जावे. हळू चालवतील असे म्हणणाऱ्या यजमानांकडे पुढचा कार्यक्रम देऊ नये, असेही लिहिले आहे. काल रात्री उत्तर आले, “वहिनी, सगळे सुखरूप पोहोचले ना, आता विषय वाढवू नका.” कार्यकारिणीची बैठक येत्या रविवारी चार वाजता आहे. मला निमंत्रण नाही, तरी मी टलामोरहून निघणार आहे.