पावती, नाना आणि ६.१

आमच्या गिरगावातल्या चाळीच्या पावत्या एक प्रोग्राम छापतो. दुसऱ्या मजल्यावरच्या एका मुलाने तो २००९ साली लिहिला, कमिटीकडून शाल-नारळ घेतला आणि कॅनडाला गेला. सोर्स कोडची, म्हणजे प्रोग्रामच्या मूळ मजकुराची, सीडी त्याच्या आईने दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याला घातली. उरला तो फक्त चालणारा प्रोग्राम. खजिनदार नाना त्याला 'मशीन' म्हणतात. खालचा कॉम्प्युटरचा डबा तीनदा बदलला तरी नानांच्या लेखी मशीन तेच.

२०२३ च्या जुलैत छत गळलं आणि तिसरा डबा गेला. लॅमिंग्टन रोडवरून चौथा आणला, त्यात जुनी डिस्क लावली. त्यावरचं डेबियन ११ (लिनक्सचा एक अवतार) सुरू झालं, पण वायफाय नाही. वायफायचं कार्ड नवीन, कर्नल (लिनक्सचा गाभा, यंत्र आणि प्रोग्राम यांच्यामधला) ५.१० आवृत्तीचं, दोघांची ओळखच नाही. आधी वायफायची एक यूएसबी काडी आणली. सोबतच्या सीडीवरचा ड्रायव्हर, म्हणजे काडी चालवणारा कोड, कर्नलच्या बाहेरचा. तो बांधून घ्यायला 'मेक' कमांड मारली तर स्क्रीनभर एरर, जणू गणपतीची वर्गणी न दिलेल्यांची यादी. मग बॅकपोर्ट्समधून (जुन्या डेबियनसाठी नव्या गोष्टी मिळतात तिथून) कर्नल ६.१ चढवलं. वायफाय लागलं. नानांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि पावती छापायला घेतली.

पडद्यावर आलं: 'कर्नल फार जुनं आहे. नवीन टाका.'

नानांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. "अरे, नवीन म्हणून आणलंस ना हे?"

आता मला लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्डसचा नियम तोंडपाठ: कर्नल बदला, पण वर चालणारे प्रोग्राम मोडायचे नाहीत. आपल्या लोकलसारखंच. २०१६ पर्यंत डोक्यावरची वीज १५०० व्होल्ट डीसीची २५,००० व्होल्ट एसी झाली, पण दादरला आत घुसणाऱ्याला कोपर तेच लागलं. (हे वचन डब्यातल्यांना, म्हणजे प्रोग्रामना. बाहेरून येऊन केबिनमध्ये बसणाऱ्या ड्रायव्हरने दर बदलाला आपलं आपण बघायचं, म्हणून तर ती काडी मेली.) मग हा प्रोग्राम का अडावा?

रात्री साडेनऊला प्रोग्राम लिहिणाऱ्या त्या मुलाला कॅनडाला फोन लावला. तिकडे सकाळ. ब्रश तोंडात ठेवूनच त्याने ऐकून घेतलं आणि मग बराच वेळ नुसता पाण्याचा आवाज.

"दादा, कर्नलच्या आवृत्तीचा मी फक्त दुसरा आकडा बघितला होता."

"म्हणजे?"

"२.६ च्या आधीचं नको होतं. पहिला आकडा काय, दोनच राहणार असं वाटलं. म्हणून टिंबानंतरचा सहा किंवा वर असला की पास."

त्यालाही फार बोलता येत नाही. २.६ आलं २००३ च्या डिसेंबरात आणि २०११ च्या जुलैपर्यंत हललं नाही. एवढी वर्षं एकच आकडा पाहिल्यावर कोणालाही तो सातबाऱ्यावर चढल्यासारखा वाटेल. मग एके दिवशी २.६.४० यायचं ते ३.० म्हणून आलं. आत क्रांती वगैरे काही नव्हती, शेपूट लांबलं म्हणून कापलं इतकंच. आमचा प्रोग्राम तरीही तरला, कारण आमच्या नशिबी ४.१९ आलं, म्हणजे एकोणीस, पास. ५.१० चे दहा, पास. बारा-चौदा वर्षं चाळीचा हिशेब टिंबाच्या उजव्या बाजूच्या कृपेवर चालला होता, आणि वार्षिक सभेत आम्ही त्याच्या अभिनंदनाचे ठराव करत होतो. ६.१ चा एक. नापास.

असे महाभाग जगात बरेच निघाले असणार, कारण कर्नलमध्येच यावर तोड आहे. सेटआर्च नावाच्या कमांडला दोन आडव्या रेघा, यूनेम, एक रेघ, २.६ एवढं सांगायचं आणि पुढे प्रोग्रामचं नाव. मग कर्नल त्या एका प्रोग्रामपुरतं आपलं वय चोरतं. ६.१ असेल तर सांगतं, मी २.६.६१. बाकी सगळ्यांना खरं, आमच्या या आजोबा प्रोग्रामला तेवढं जुनं.

एंटर मारलं. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर करकरला, खोली क्रमांक १ ची पावती निघाली. नानांनी ती उजेडाकडे धरून दोन्ही बाजूंनी पाहिली. मागची बाजू कोरी असते, पण पाहिली. मग वहीत कमांड लिहून घेतली. 'आडवी रेघ (२)' या शब्दांसकट.

परवा मी त्याच डब्यावर कर्नल ६.१२ टाकलं आणि घाईत साधाच प्रोग्राम चालवला. पावती निघाली. सेटआर्च नाही, काही नाही. बारा, पास!

नानांनी वही उघडून त्या पानावर बोट ठेवलं. "म्हणजे तेव्हा तू अर्धवट नवं आणलं होतंस."

"तसंच काहीसं."

"आणि सातावर गेलं की?"

"७.० म्हणजे शून्य, नाना. पुन्हा नापास."

नानांनी खिडकीतून समोरच्या रिकाम्या प्लॉटवरच्या बिल्डरच्या पत्र्यांकडे पाहिलं, मनाशी काहीतरी हिशेब केला आणि वही मिटली. तरी फाडली नाही.