खाडीत सांडलेले तेल ‘विरघळून जाते’ काय?

पावसाळा आला की ठाणे-ऐरोलीकडच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरू लागतो: नाल्यात वा खाडीत तेल सांडले तरी घाबरू नये, ते दोन दिवसांत विरघळते, उरलेले ओहोटीबरोबर समुद्रात जाते, बाकीचे जीवाणू फस्त करतात, आणि घाई असल्यास भांड्यांचा साबण ओतावा. यातले एकही विधान मला जसेच्या तसे मान्य नाही.

तवंग दिसेनासा होतो हे खरे; पण पेट्रोल-डिझेलचा हलका अंश मुख्यतः हवेत उडून जातो. पाण्यात विरघळतो तो फार थोडा भाग, आणि तोच माशांना सर्वांत घातक असतो. पेट्रोलमधला एक घटक असलेले बेंझीन शुद्ध रूपातही लिटरभर पाण्यात जेमतेम १.८ ग्रॅम विरघळते, तरी ते विषारी आहे. म्हणजे तेल विरघळले, ही दिलाशाची बातमी नव्हेच.

ओहोटीने नेलेले तेल सहा तासांनी भरती परत आणते. ऐरोलीच्या काठावर पाणी उतरल्यावर चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली तिवरांची श्वसनमुळे मी पाहिली आहेत. भरतीच्या उंचीपर्यंत त्यांवर काळा थर होता आणि बोट फिरवताच तो चिकटून आला. याच मुळांवरच्या छिद्रांतून झाड श्वास घेते, ती बुजली की ते गुदमरते. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ या जहाजांची टक्कर झाली, तेव्हाही तेल तिवरांपर्यंत पोहोचले होते. शिवाय गढूळ पाण्यातले मातीचे कण तेलाला चिकटतात आणि ते तळाशी बसते. अमेरिकेतील कॅलामाझू नदीत २०१० साली सांडलेले जड तेल तळातून काढण्यात काही वर्षे गेली.

जीवाणू तेल खातात, पण त्यांना मुबलक प्राणवायू लागतो. खाडीच्या काळ्या, कुजक्या वासाच्या चिखलात तो वरच्या पातळ थराखाली जवळपास नसतोच, त्यामुळे तिथे मुरलेले तेल वर्षानुवर्षे टिकते.

साबणाने तेल नाहीसे होत नाही, त्याचे बारीक थेंब होऊन ते पाण्यात खोलवर पसरते आणि साबण स्वतःही माशांच्या कल्ल्यांना अपाय करतो. त्यापेक्षा तेल नाल्याच्या तोंडाशीच लाकडाचा भुसा किंवा वाळू टाकून अडवावे, आणि तेल प्यालेला भुसा पुन्हा नाल्यात न लोटता पोत्यात भरून वेगळा ठेवावा.