दशावताराला वेळेवर पोहोचण्याचे तोटे

दशावतारी नाटकाचा खरा आनंद घ्यायचा असेल, तर रसिकाने आपल्या संध्याकाळचे आधीच पुरते वाटोळे करून घ्यावे, असा माझा अनुभवसिद्ध सल्ला आहे. त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास सिंधुदुर्गात जत्रा सुरू झाल्या की ‘नाटक रात्री अकराला’ असा निरोप येतो. तो खरा मानून नऊलाच देवळात हजर होणारे शिस्तप्रिय लोक पालखीची प्रदक्षिणा होईपर्यंत खांबाला टेकून घोरू लागतात, आणि त्यांचे नाटक तिथेच संपते.

तुम्ही स्कूटर पंक्चर करून घ्यावी. गेल्या वर्षी मी ती कुडाळ-वेंगुर्ले रस्त्यावर, एकही दिवा दिसत नाही अशा वळणावर करून घेतली. शिवाय घावण्यांचा डबा घरच्या ओट्यावरच विसरण्याची खबरदारी घेतली होती. गाडी ढकलताना मेहुण्यांनी माझ्याविषयी जे शब्द योजले, ते पुढे रात्रभरात एकाही राक्षसाच्या तोंडी आले नाहीत. साडेबाराला धापा टाकत पोहोचलो, तेव्हा खाजेवाल्याने मान वर न करता सांगितले, “पालखी अजून भायर येवची आसा, बसा थंयच.”

अशा वेळी हिरमुसले न होता पाव किलो खाजे घ्यावे. गूळ-आल्याच्या पाकातल्या बेसनाच्या त्या कांड्या चावताना मेहुण्यांना बोलता येत नाही, हा त्यांचा गुण पाककृतीत कोणीच नोंदवत नाही.

बसायला जागा मिळाली, तर ती नाकारावी. मला मिळाली नाही, म्हणून मी मागच्या पडवीत गेलो. तिथे पंजाएवढा आरसा पेटीला टेकवून, गालांवर सफेदा आणि ओठांत विडी अशा थाटात एक पन्नाशीचे गृहस्थ नऊवारीचा काष्टा खोचत होते आणि शेजारच्या ऋषींना बजावत होते, “शाप देताना लांबण लावू नको, माका पाटेची गाडी धरूची आसा.” दशावताराला लिखित संहिता नसते, कथानक तेवढे ठरते आणि संवाद नट उभ्याउभ्याच रचतात, तेव्हा मी ऐकली ती त्या रात्रीची संपूर्ण तालीम होती.

वीज तर जायलाच हवी. आमच्याकडे ती नेमकी संकासुर आल्यावर गेली. काळ्या वेशातला तो असुर अंधारात पार दिसेनासा झाला, आणि तिथूनच विष्णूला विचारू लागला, “वेद मी चोरलंय, कबूल, पण लाईट कोणी चोरल्यान?” वेळेवर आलेली मंडळी तेव्हा झोपेत होती.

पुढे एकाच लाकडी बाकाचे सिंहासन झाले, पर्वत झाला, आणि पहाटे त्याच बाकावर कपाळ टेकून राणी रडली, तेव्हा मेहुणे डोळे पुसत होते. कारण विचारू नये. विचारल्यास ते आल्याचे नाव सांगतात.

स्कूटर अर्थातच पंक्चरच होती. त्यामुळे आम्ही पहाटेच्या गाडीला गेलो. भरल्या गाडीत शर्ट-पँट घातलेली, कानामागे सफेदा राहिलेली राणी चढली, आणि रात्रभर कोणासाठी तसूभरही न सरकलेल्या मेहुण्यांनी उठून तिला आपली जागा दिली.