संशोधन हे आपलंही काम आहे

"संशोधन ना, ते मेडिकल-मेयो या सरकारी कॉलेजवाल्यांचं काम. आपल्याला ओपीडीतून डोकं वर काढायला वेळ कुठे?" नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतल्या डॉक्टर मित्रांकडून हे इतक्यांदा ऐकलंय की आज सविस्तर लिहायला बसलो. मी फिजिशियन आहे, खासगी प्रॅक्टिस करतो, आणि मला हे साफ अमान्य आहे.

कोविडचा एप्रिल २०२१ आठवा. रेमडेसिवीरच्या एकेका व्हायलसाठी लोक नागपूरभर वणवण फिरत होते. त्या औषधाने मृत्यू टळतात असं दिसत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या सॉलिडॅरिटी चाचणीतून ऑक्टोबर २०२० मध्येच पुढे आलं होतं. बऱ्या झालेल्या रुग्णांच्या रक्तातून काढलेल्या प्लाझ्माचंही तेच. आयसीएमआरने ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर चाचणी घेतली, फायदा दिसला नाही, तरी मे २०२१ मध्ये सरकारी सूचनांतून प्लाझ्मा वगळला जाईपर्यंत डोनर शोधणं सुरूच राहिलं. जीव वाचवत होतं ते डेक्सामेथासोन, एक जुनं आणि स्वस्त स्टेरॉइड. हे कळलं ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीमुळे. तिथे नेहमीच्या वॉर्डात राउंड घेणाऱ्या डॉक्टरांनी रोजचं काम सांभाळून रुग्णांची नोंदणी केली. मार्च २०२० मध्ये सुरुवात, आणि जूनमध्ये उत्तर हातात: व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी. रुग्ण आपल्याकडेही कमी नव्हते. कमी होती ती नोंद ठेवायची सवय.

आपल्याकडे सोयी नाहीत, असं म्हणणाऱ्यांना मी आपल्याच मेडिकलमधून शिकून गेलेल्यांची नावं सांगतो. डॉ. हिम्मतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीत सरकारी डॉक्टर होते. लाल विंचू चावलेली माणसं फुप्फुसात पाणी भरून डोळ्यांदेखत जात होती. त्यांनी प्रत्येक रुग्ण तपशिलात लिहून ठेवला, रक्तदाबासाठीचं प्राझोसिन वापरून पाहिलं, आणि ते निष्कर्ष 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. पुढे २०११ मध्ये महाडमधल्या ७० रुग्णांवरची त्यांची चाचणी 'बीएमजे' या ब्रिटिश नियतकालिकाने छापली. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीच्या खेड्यांत नवजात बाळांची घरीच काळजी घेऊन दाखवली. १९९९ च्या त्यांच्या अभ्यासात नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला होता, आणि आज देशभरातल्या आशाताई त्याच धर्तीवर घरी जाऊन बाळं बघतात. बिरवाडीत किंवा गडचिरोलीत तेव्हा काय सोयी होत्या?

आता सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार घ्या. विदर्भात प्रॅक्टिस करणाऱ्याला हा आजार टाळताच येत नाही. त्यावरच्या हायड्रॉक्सियुरिया या औषधाचा मोठा पुरावा १९९५ चा, अमेरिकेतला. तिथे रुग्णाला सोसेल तिथवर डोस वाढवत नेला होता. आपल्या रुग्णांची जनुकीय ठेवण वेगळी, अनेकांत फीटल हिमोग्लोबिन (गर्भावस्थेतलं, या आजारात संरक्षण देणारं हिमोग्लोबिन) जास्त. ओडिशात बुर्ल्याच्या डॉक्टरांनी किलोमागे १० मिलिग्रॅम एवढाच ठरावीक डोस देऊन पाहिला, आणि तेवढ्यानेही क्रायसिस, म्हणजे तीव्र वेदनांचे झटके, कमी झाले. कुरखेड्याहून किंवा सालेकशाहून डोस वाढवताना लागणाऱ्या सीबीसीसाठी (रक्तपेशींच्या तपासणीसाठी) वारंवार नागपूरला येणं ज्याला परवडत नाही, त्या मजुरासाठी हा फरक फार मोठा आहे. हा प्रश्न अमेरिकेतल्या कुणाला पडणार नव्हता. तो आपल्यालाच पडायला हवा.

आणखी एक फायदा, जो मला सर्वांत जवळचा वाटतो. स्वतः कधी डेटा गोळा केलेला डॉक्टर एमआरने (औषध कंपनीच्या प्रतिनिधीने) टेबलावर ठेवलेलं लिटरेचर वेगळ्या नजरेने वाचतो. '५० टक्के घट' म्हणजे कशाची? शंभरातल्या दोघांऐवजी एकाला त्रास झाला, तरी ती ५० टक्केच. तुलना कशाशी केली, किती लोक मध्येच सोडून गेले, हे प्रश्न मग आपोआप सुचतात, आणि त्यातून रुग्णाचे पैसे वाचतात.

पीजीच्या (पदव्युत्तर शिक्षणाच्या) सक्तीच्या थिसिसने अनेकांचं मन उडवलं, हे मला ठाऊक आहे. बढतीसाठी पेपर काढायच्या सक्तीने तर आणखीच. पण सक्तीचं संशोधन रटाळ असतं म्हणून आपल्याला खरोखर पडलेले प्रश्नही सोडून द्यायचे का? रुग्णांना 'आमच्यावर प्रयोग करताय का' अशी भीती वाटते, तीही रास्तच. त्यासाठी संशोधन तपासून परवानगी देणारी एथिक्स कमिटी आहे, संमतीपत्र आहे, आणि त्यांच्या भाषेत नीट समजावून सांगायला आपण आहोत.

माझा प्रस्ताव साधा आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि उष्माघाताचे रुग्ण आपल्या सगळ्यांकडे येतात. बर्फाच्या पाण्यात बुडवून थंड करण्याचा पुरावा मुख्यतः तरुण खेळाडू आणि सैनिकांवरचा आहे. आपला रुग्ण असतो टिनाच्या छपराखालची सत्तरीची आजी, बीपीसाठी डाययुरेटिक (लघवी वाढवणारं औषध) घेणारी. तिला थंड करण्याची कोणती पद्धत लागू पडते? सगळ्यांनी मिळून एकच फॉर्म भरूया: आल्याबरोबरचं रेक्टल (गुदद्वारातून घेतलेलं) तापमान, कूलिंग किती वेळात आणि कसं सुरू केलं, चालू औषधं, रक्तातलं सोडियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचं माप), आणि शेवटी रुग्ण घरी कसा गेला. फॉर्म एका पानाच्या वर जाणार नाही. मसुदा मी तयार केलाय. एथिक्स कमिटीची परवानगी मार्चच्या आत घ्यावी लागेल, म्हणून ज्यांची तयारी आहे त्यांनी याच आठवड्यात मला इनबॉक्स करा. भंडारा, चंद्रपूर, यवतमाळचे डॉक्टर आले तर फारच चांगलं.