व्हेल बघून आलीस म्हणे!

व्हेलवरच्या संशोधनात व्हॉलंटिअर म्हणून जायचं असेल तर खुशाल जा, पण परत इंदूरला येऊ नका, निदान सहा महिने तरी. तिकडचं ऊन, वारा, माश्या सगळं सोसता येतं, इथली चौकशी सोसवत नाही. ज्या गावाला प्यायचं नर्मदेचं पाणी जलूदहून पंप करून चढवून आणावं लागतं त्या गावात समुद्राबद्दल इतकी ठाम मतं असतील असं मला कधी वाटलं नव्हतं.

पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच, "किती जवळून बघितलास?" आणि मी म्हणते, तीन-चार किलोमीटरवरून, दुर्बिणीतून, की समोरच्याचा चेहरा असा पडतो की त्यांचं तिकीट मीच वाया घालवलंय! लोकांना बोटीशेजारी उसळी मारणारा व्हेल हवा असतो. ती उडी, ब्रीच म्हणतात तिला, मी पाहिली नाही असं नाही, पण कशी, तर टीममधली मुलगी "ब्रीच!" म्हणून ओरडली तेव्हा मी लॅपटॉपवर आधीच्या फवाऱ्याची (व्हेल श्वास सोडतो तेव्हा उडतो तो) वेळ टाकत होते, मान वर करेपर्यंत नुसता फेस.

आमचा मुक्काम ऑस्ट्रेलियात, ब्रिस्बेनच्या उत्तरेला सनशाइन कोस्टवर. पेरेजियन बीचजवळ 70-एक मीटरची टेकडी आहे, तिच्यावर. सप्टेंबर-ऑक्टोबरात हंपबॅक व्हेल पिल्लं घेऊन ग्रेट बॅरिअर रीफकडून अंटार्क्टिकाकडे परत निघतात ते या किनाऱ्यावरून, आणि आपण वर बसून त्यांचं सगळं लिहायचं, म्हणजे श्वास कधी घेतला, शेपटी वर काढून बुडी कधी मारली, गटात किती जण, शेपटी पाण्यावर कितीदा आपटली, शेजारून बोट गेली का. टेकडीवरूनच का, तर बोट घेऊन जवळ गेलं की व्हेल बोटीमुळे वेगळं वागणार, मग आपण अभ्यास कशाचा केला, बोटीचाच ना.

आणि व्हेल नसला तर? तरीही लिहायचं. हे इथे कोणालाच पटत नाही. समुद्र तासभर रिकामा होता हाही डेटाच असतो हो, पण तो गोळा करताना डोळ्यांची जी वाट लागते ती विचारू नका, वारा वाढला की लाटेचा प्रत्येक पांढरा तुरा फवारा वाटतो, गॅनेट पक्षी सूर मारतात तो उडालेला तुषारसुद्धा फवाराच वाटतो, शेवटी कंटाळून काम थांबवतात आणि दुसऱ्या दिवशी पाण्याच्या बाटल्या, छत्री, यंत्र सगळं घेऊन परत टेकडी चढायची.

(जीरावन, आपला पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला, नेलं होतं, हेही सांगून टाकते. तिकडे खायचं काहीही आणलं की फॉर्मवर डिक्लेअर करावं लागतं, केलं. ऑफिसरने पुडी उघडून नाक जवळ नेलं आणि जो शिंकत सुटला की मागची लाइन दोन पावलं मागे सरकली. पण सोडलं. पुढे टीममधली पोरं ते टोस्टवर घालून खायला लागली, पोह्यांना उरलंच नाही.)

दुसरा प्रश्न पैशांचा. "फुकट? वरून तिकीटही तुझंच? पागल आहेस का?" हे आमचे दादा. मोजून करतात काय म्हणे. तर ब्रिस्बेनजवळच्या मॉरेटन बेटावर टँगलूमा म्हणून जागा आहे, तिथे 1952 ते 1962 व्हेल मारायचा कारखाना चालला आणि बंद कशामुळे पडला तर मारायला व्हेलच उरले नाहीत म्हणून. आता परत हजारोंनी जातात, पण ते कोणीतरी मोजलं म्हणूनच कळलं ना. दादा म्हणाले, बरोबर आहे, पण तूच कशाला.

खरी परीक्षा लोकमान्य नगरात, आत्याकडे. मी आपलं सांगितलं की हंपबॅक माद्या खातात ते अंटार्क्टिकाच्या पाण्यात, क्रिल नावाचे बारके जीव, मग उबदार पाण्यात येऊन बाळंत होतात आणि पिल्लाला पाजत परत हजारो किलोमीटर पोहत जातात, तोवर जवळजवळ काहीच खात नाहीत, अंगावरच्या चरबीवर भागवतात. आत्याने हातातली वाटी खाली ठेवली.

"अगं बाई! ओली बाळंतीण आणि उपाशी? आणि नवरा कुठे असतो मेला?"

"नर पिल्लाचं काही बघत नाहीत गं आत्या. ते गातात."

"गातात?"

"हो. गातात फक्त नरच."

आत्याने नानांकडे जे बघितलं त्यात चाळीस वर्षांचा हिशोब होता. नाना पीडब्ल्यूडीतून रिटायर, आणि सकाळ-संध्याकाळ ख्याल ऐकणारे. पण खरं सांगू, अख्ख्या इंदूरात अकलेचा प्रश्न विचारला तो एकट्या नानांनी. आम्ही व्हेलची जागा थिओडोलाइटने काढतो म्हटल्यावर ते उठूनच बसले, "अगं ते तर आमचं सर्व्हेचं यंत्र!" टेकडीची उंची ठाऊक, खाली किती अंशात बघतोय ते ठाऊक, की अंतर निघतं, हे त्यांनी मलाच समजावलं आणि वर विचारलं, "पण भरती-ओहोटीने पाणी वर-खाली होणार, मग तुमची उंची बदलली ना? करेक्शन घेता की नाही?" घेतात. घेतात नाना, आणि मला हे कळायला बरेच दिवस लागले होते!

मग गाणं लावलं मोबाइलवर, पाण्यात हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचा माइक, सोडून रेकॉर्ड केलेलं. अमीरखाँसाहेबांच्या गावचा माणूस, अतिविलंबित नानांना नवीन नाही, डोळे मिटून ऐकत राहिले. आत्या आतून ओरडली, "दार कुरकुरतंय का रे कुठलं?" नानांनी नुसता हात वर केला. "घाई नाही बघ कुठे. आणि तीच ओळ परत घेतोय." घेतोच, एक गाणं दहा-वीस मिनिटांचं आणि तेच तासन् तास. मग मी त्यांना सांगितलं की 1996 मध्ये या पूर्व किनाऱ्यावर काही नर वेगळंच गाणं गाताना सापडले, ते होतं पश्चिम किनाऱ्यावरच्या व्हेलचं, आणि 1998 पर्यंत इकडच्या सगळ्यांनी आपलं जुनं टाकून तेच उचललं, 2000 साली 'नेचर'मध्ये छापून आलंय.

"दोन वर्षांत?" नाना खरंच दुखावले. "म्हणजे घराणं बुडवलं की!"

आता आमच्या मंडळात माझं व्याख्यान ठेवलंय. सेक्रेटरींनी नाव सुचवलं 'व्हेलच्या जबड्यातून'. मी म्हटलं हंपबॅकला दातच नसतात, तर म्हणाले मग तर अजून छान, फॅमिली प्रोग्रॅम होईल. फोटो मागितले, मी पाठवले, सगळे निळे. "ताई, यात व्हेल कुठाय?" "तिसऱ्या फोटोत, उजवीकडे, तो राखाडी ठिपका." बराच वेळ फोनवर काही आवाज नाही. मग हळूच म्हणाले, नेटवरून एक उडीवाला टाकून देऊ का, कोणाला कळतंय. मी सपशेल नाही म्हटलं. मग त्यांनी कार्डावर माझ्या नावापेक्षा मोठ्या टायपात 'नंतर अल्पोपाहार : कचोरी व गुलाबजाम' छापून घेतलं, आणि आता हॉल भरेल याची त्यांना खात्री आहे.